आधी छत, मग सोलर: घर दुरुस्तीबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की घराबद्दलची पत्रं वाढतात, यंदाही तेच झालं. बहुतेकांना दोनच गोष्टी हव्यात, घर थंड राहावं अन् बिल कमी यावं. त्यातली चार पत्रं इथं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, पण त्यात बऱ्याच जणांची उत्तरं निघतील.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं घर दारव्हा तालुक्यात, आजोबांच्या वेळचं. समोरची सपरी अन् दोन खोल्या मातीच्या भिंतींच्या, वर कवेलू. मागच्या दोन खोल्या विटांच्या अन् वर टिनाचे पत्रे, त्या नंतर बांधल्या. उन्हाळ्यात मागं बसवत नाही, दुपारी सगळे समोरच्या मातीच्या खोलीत येऊन पडतो. पण वानरं दरवर्षी कवेलू फोडतात अन् पावसाळ्यात जागोजागी गंज-पातेले मांडून ठेवावे लागतात. लहान भाऊ म्हणतो सगळं पाडून स्लॅब टाकू अन् एसी लावू. आई म्हणते माझी खोली पाडली तर मी वावरातल्या खोपडीत राहायला जाईन. बजेट साडेतीन लाखांपर्यंत आहे, त्यातच सोलरही बसवायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : भाऊ, मी आईच्या बाजूनं आहे हे आधीच सांगून टाकते. अन् उत्तर तुमच्याच पत्रात आहे की, दुपारी सगळे मातीच्या खोलीत येऊन पडता. जाड मातीच्या भिंतीतून ऊन आत यायला कित्येक तास लागतात, तोवर संध्याकाळ होते, मग रात्री दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की भिंत परत थंड होते. टिनाचं तसं नाही, सूर्य वर आला की तो तापला अन् लगेच खाली आग ओकायला लागला. त्यात मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपल्याकडं भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणजे ऐन ४५-४६ डिग्रीच्या दिवसांत सगळ्यात जास्त ऊन भिंतींवर नाही, छतावर पडतं. म्हणून पैसा लावायचा तो पहिले छतावर, मग पश्चिमेच्या भिंतीवर, मग पंख्यांवर अन् त्यानंतर सोलरवर. एसीचं नंतर बघा, हे सगळं झाल्यावर भाऊच म्हणेल की एवढी गरज नाही.

स्लॅबबद्दल भावाला एक हिशेब दाखवा. चार-साडेचार इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला पंचवीस किलोच्या आसपास जातं, म्हणजे १० बाय १२ च्या एका खोलीवर तीन टन. मातीच्या भिंतीवर ते टाकायचं नावही काढू नका. त्यासाठी कॉलम उभे करावे लागतील, अन् तुमच्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्यामुळं पायाही खोल घ्यावा लागणार. साडेतीन लाखांत हे सगळं बसत नाही, बसवलं तर घर अर्धं राहील, अन् वर तो स्लॅब दिवसभर तापून रात्रभर खाली उष्णता सोडेल ते वेगळंच.

आता वानरं. त्यांच्यापायीच निम्म्या विदर्भानं कवेलू उतरवले अन् टिना टाकल्या, अन् आता उन्हाळ्यात रडतात. मधला रस्ता आहे. कवेलू उतरवून घ्या, फाटे-बल्ल्या नीट बघा, वाळवी लागलेल्या बदला, त्यावर पत्रा टाका अन् पत्र्यावर पट्ट्या मारून तेच जुने कवेलू परत चढवा. एखादा कवेलू फुटला तरी खाली पत्रा असल्यानं पाणी आत येत नाही, अन् वर कवेलू असल्यानं पत्रा उन्हात तापत नाही. पत्र्याचं वजन थोडं वाढतं तेवढं मिस्त्रीकडून म्याल, म्हणजे छताचं आडवं जाड लाकूड, तपासून घ्या. अन् छतावर आलेल्या झाडांच्या फांद्या छाटा, वानरं तिथूनच उडी मारतात.

भिंतींना सिमेंटचं प्लास्टर अजिबात नको. मातीची भिंत ओल घेते अन् सोडते, सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की आतली ओल आतच राहते अन् दोन-चार वर्षांत प्लास्टर भिंत सोडायला लागतं. कोणी आधीच कुठं सिमेंट मारलं असेल तर बोटानं टिचकी मारून बघा, ढप ढप असा पोकळ आवाज आला की समजा ते सुटलंय, सगळं काढून टाका. तिथं माती, कुटार अन् शेणाचा लिपा, वरून चुना. कवेलूंची वळचण भिंतीच्या दोन फूट तरी बाहेर ठेवा. मातीचं घर पडतं ते बहुतेक बुडाशी पाणी मुरल्यानं.

मागच्या खोल्यांवर खरी मेहनत घ्या. पत्र्यावर वरून पांढरा हीट-रिफ्लेक्टिव पेंट, अन् आतून एक फूट जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं सीलिंग. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतीत, आढ्याजवळ, जाळी लावून भोकं ठेवा, नाहीतर तापलेली हवा तिथंच कोंडते अन् सीलिंग टाकून फायदा निम्माच होतो. थर्माकोल स्वस्त मिळतं म्हणून लावू नका, उंदीर घर करतात अन् आग लागली तर भडकतं. बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घेतलेला असला तर भुंगा लागत नाही, विकत घेतानाच विचारा.

पश्चिमेच्या भिंतीवर लोक छज्जा काढतात, त्याचा उपयोग थोडाच. दुपारी चारनंतर सूर्य खाली उतरतो अन् ऊन छज्ज्याच्या खालून सरळ भिंतीवर येतं. तिथं उभा आडोसा लागतो, तुराट्यांचा ताटवा किंवा तट्टा भिंतीपासून फूटभर अंतरावर बांधा, म्हणजे मधून हवा फिरते. त्यावर दोडक्याचा वेल चढवला तर न्हाणीचं पाणी त्याला पुरतं. कडूनिंब लावायचा असेल तर भिंतीपासून पंधरा-वीस फूट तरी लांब, काळ्या मातीत मुळं ओल ओढून घेतात अन् पायाला तडे जातात.

मग पंखे. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा २८ ते ३५. पाच पंखे, रोज १५ तास धरा, एका पंख्यामागं ४० वॅट वाचले तर दिवसाला तीन युनिट, महिन्याला ९० युनिट झाले. अन् १ किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. म्हणून सोलरवाल्याला आधी बोलावू नका. पंखे बदला, दोन महिन्यांचं बिल बघा, मग किती किलोवॅट लागतं ते ठरवा. आज तो तुम्हाला ३ किलोवॅट सांगेल, तेव्हा कदाचित एक-दोनमध्येच भागेल.

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागं ३०,००० रुपये अनुदान आहे, तिसऱ्याला १८,०००, असं जास्तीत जास्त ७८,०००. पॅनल देशात बनलेले सेल असलेलेच लागतात अन् काम यादीतल्या व्हेंडरकडूनच करून घ्यायचं. अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात येतं, म्हणजे आधी पैसे आपण लावायचे किंवा बँकेचं कर्ज घ्यायचं, हे बजेटमध्ये धरून ठेवा. पॅनलला किलोवॅटमागं साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. मातीच्या खोलीवर ते नकोच, आंगणात लोखंडी पाइपचा मांडव उभारा, दक्षिणेला तोंड, खाली बैल बांधा. सावलीही झाली.

अन् भावाला एकदा मे महिन्यात भर दुपारी सेवाग्रामला घेऊन जा, बापू कुटीत बसवा. माती, बांबू, कवेलू, बाकी काही नाही, १९३६ नंतरचं बांधकाम आहे. मातीच्या घराचं काम पाहायचं असेल तर वर्ध्याजवळ दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था आहे, तिथं यावर कितीतरी वर्षांपासून काम चालतं. एक चक्कर तिथंही मारा.

प्रश्न : आम्ही दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्टा. स्लॅबचं घर आहे, वरची खोली मार्चपासून भट्टी होते. दुकानदार महागडा पांढरा पेंट सांगतो, सासरे म्हणतात साधा चुना मार. अन् पावसाचं पाणी साठवायचं म्हणतो ते आमच्याकडं खरंच करण्यासारखं आहे का?

उत्तर : ताई, सासऱ्यांचं ऐका, निदान यंदा तरी. पण त्याआधी स्लॅबवर बादलीभर पाणी ओतून ढाळ बघा, पाणी कुठं थांबतं, कुठं मुरतं ते बघून तडे भरा. गळक्या स्लॅबवर चुना म्हणजे पैसे पाण्यात. चुना रात्रभर भिजवा, कापडातून गाळा, त्यात फेविकॉल घाला अन् संध्याकाळी ऊन उतरल्यावर स्लॅब ओला करून दोन-तीन हात मारा. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा अन् हातमोजे लागतातच अन् पोरांना गच्चीवर येऊ देऊ नका. हे दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं लागतं कारण पावसात बराचसा धुऊन जातो. पेंट जास्त टिकतो, पण आपल्याकडच्या धुळीनं वर्षभरात पांढऱ्याचा मातकट होतो, त्यामुळं उन्हाळ्याच्या आधी धुवावा लागतोच, दुकानदार हे सांगत नाही. कायमचं करायचं तर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्या, टाइल्सच्या दुकानात फुटका माल स्वस्तात मिळतो, मजुरी तेवढी लागते. काळी डांबरी शीट मात्र उघडी ठेवू नका, ती ऊन पिते.

पाण्याचं विचारलं ते बरं केलं, बाकीच्या विदर्भापेक्षा तुम्हालाच त्याची गरज जास्त आहे. पूर्णेच्या काठच्या या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं, त्यानं ना डाळ शिजत ना साबणाला फेस येत. हजार चौरस फुटांच्या छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ९३ लिटर पाणी होतं. वर्षाला ७०० मिलिमीटर धरला अन् वाया जाणारं सोडलं तरी पन्नास हजार लिटर. सगळं साठवता येत नाही, पण पाच-दहा हजार लिटरची झाकणाची टाकी बांधली तर वरण-भाताचं अन् पिण्याचं पाणी हिवाळ्यापर्यंत निघतं. पहिले दोन-तीन पाऊस टाकीत जाऊ देऊ नका, छत धुऊन निघू द्या. नळीच्या तोंडाशी जाळी, मग वाळू-कोळशाचं फिल्टर, अन् पिण्याआधी उकळायचं. उरलेलं पाणी जमिनीत मुरवायचं असेल तर खड्डा पायापासून लांब घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या घरी टिनाचा मोठा कूलर हाये, हात लावला का झिनझिन करते, पोराले तं मांगं एकदा झटकाच बसला. आमचे हे म्हणते का ओल्या पायानं हात लावू नका म्हणजे झालं. एसी घ्यावा तं बिल किती येईन काय माईत. काय करू? (मूर्तिजापूर तालुका)

उत्तर : बाई, हे वाचलं की पहिले उठा अन् त्या कूलरचा प्लग काढा, बाकीचं नंतर वाचा. झिनझिन करते म्हणजे करंट बॉडीत उतरलाय, ओल्या पायाचा प्रश्न नाही. दर उन्हाळ्यात आपल्याकडं कूलरच्या शॉकनं माणसं जातात अन् प्रत्येक वेळी घरचे म्हणतात, आधी थोडंथोडं झिनझिन करत होता. वायरमनला बोलवा, घराला अर्थिंग आहे का तपासा, जुन्या घरांत तिसरी वायर नुसती लटकत असते. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळला की तो क्षणात वीज तोडतो. यापुढं बटण बंद करून भागायचं नाही, प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही, अन् जमलं तर पुढच्या वेळी प्लास्टिक बॉडीचा घ्या.

एसीची घाई नको. कूलर १५०-२०० वॅटमध्ये चालतो, दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर झकास काम करतो, फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे. लोक सगळं बंद करून बसतात अन् मग म्हणतात चिपचिप होते. दरवर्षी गवत बदला, वाळ्याचं मिळालं तर वाळ्याचं. जुलैत दमट झालं की कूलर काही करत नाही, तेव्हा पंखाच.

प्रश्न : सोलर बसवलं की लोडशेडिंगमध्ये लाइट राहील ना? पंचायतीत एकानं तसं सांगितलं. अन् घरी चार गाई आहेत, गोबर गॅस पुन्हा सुरू करावा का? (काटोल तालुका)

उत्तर : नाही राहणार. नेट मीटरवालं साधं सोलर महावितरणची लाइन गेली की आपोआप बंद पडतं, भर उन्हात सुद्धा, कारण तुमची वीज लाइनमध्ये गेली तर खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसेल. लोडशेडिंगमध्ये चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर अन् बॅटरी लागते, तिचा खर्च वेगळा, अन् काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. दोन पंखे अन् चार बल्ब चालवायचे असतील तर घरातला साधा इन्व्हर्टरच पुरतो.

गोबर गॅस जरूर सुरू करा. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं अन् गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास देते, म्हणजे दीड घनमीटर नक्की निघेल, घरच्या स्वयंपाकाला बराच हातभार. जुना टाकीवाला असेल तर लोखंडी टोपण गंजलेलं असेल, ते बदलण्यापेक्षा विटांचा दीनबंधू मॉडेल बांधून घ्या, त्यात गंजण्यासारखं काही नाही. शेणात पाणी तेवढ्यास तेवढं घाला अन् हिवाळ्यात गॅस कमी आला तर कोमट पाण्यानं कालवा. बाहेर पडलेली स्लरी संत्र्याच्या बागेत टाका.