पिशव्या आवरण्याआधी एक पान लिहा

तुम्ही पुण्यात, आईबाबा साताऱ्याला. बाबांना मधुमेह आणि दोन वर्षांपूर्वी झालेली अँजिओप्लास्टी, आईला थायरॉइड आणि बीपी. दहा-बारा वर्षांचे कागद दोन पिशव्यांत कोंबलेले. एका रविवारी बसून सगळं आजारांनुसार लावावं आणि स्कॅन करून टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर त्या रविवारी पिशव्यांना हातच लावू नका. आधी दोघांचं एकेक पान लिहा.

मी नेमकं उलटं केलं होतं. मधुमेहाला हिरवा, हृदयाला लाल, हाडांना पिवळा असे सेपरेटर घालून आईची जाडजूड फाईल लावली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतही होते. मग एका रात्री आई देवघरासमोर चक्कर येऊन पडली. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी फाईल पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. पुन्हा तोच प्रश्न. मी म्हणाले, "सकाळी एक छोटी पांढरी, आणि एक गुलाबी..." पुढचं मलाच ऐकवेना. शेवटी भावाला स्कूटरवर घरी पिटाळलं आणि आईचा गोळ्यांचा डबा मागवला.

डब्यात दोन वेगवेगळ्या नावांच्या स्ट्रिप्स होत्या. सिस्टरने त्या उलट्या करून दिव्याखाली धरल्या. दोन्हींच्या मागे बारीक अक्षरांत एकच औषध, टेल्मिसार्टन. महिन्याभरापूर्वी आई दुसऱ्या कारणाने ॲडमिट होती, तिथल्या डिस्चार्ज कार्डावर बीपीची गोळी वेगळ्या ब्रँडची लिहून आली. आईने नवी सुरू केली आणि जुनीही सोडली नाही. जुनी बंद करा, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री बीपी ९०/६० होतं. मनगटाला बारीक फ्रॅक्चर झालं, तेवढ्यावर निभावलं.

म्हणून पानावर औषधाचं मूळ नाव आधी, ब्रँड नंतर. दोन्ही इंग्रजीत, ठळक कॅपिटल अक्षरांत, स्ट्रिपवरून बघून उतरवलेले. किती मिलिग्रॅम, कधी, जेवणाआधी की नंतर, कुणी दिली, केव्हापासून. आणि कशासाठी, ते मात्र मराठीत, कारण ती ओळ आईबाबांना वाचता यायला हवी. बंद केलेल्या गोळ्याही कारणासह खाली लिहा. "ॲम्लोडिपिन, बंद, पाय सुजले" एवढी ओळ नसली की पुढचा डॉक्टर तीच गोळी पुन्हा लिहून देतो आणि पाय पुन्हा सुजतात. बाबांच्या पानावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या लाल पेनाने लिहा. दात काढायचा असला तरी डेंटिस्टला आधी हे पान दाखवायचं, आणि स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकलेल्या माणसाने हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, चूर्ण, काढा, गुडघे दुखले की मेडिकलवाल्याकडून आणलेली गोळी, हे सगळंही त्यातच. आपल्याकडची माणसं याला औषध समजतच नाहीत. "तसं काही घेत नाही गं, नुसती दुखण्याची एक", असं सांगतात, आणि ती 'नुसती एक' रोज घेतली तर किडनीला महागात पडू शकते.

पानाच्या वरच्या भागात आधारवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मवर्ष (वय लिहू नका, ते दर वर्षी चुकतं), ॲलर्जी, आजार आणि ते कुठल्या वर्षापासून, ऑपरेशन आणि स्टेंट कधी, कुठे. खाली तारीख. औषध बदललं की नवं पान, आणि जुन्याच्या सगळ्या प्रती फाडून टाकायच्या. एक प्रत गोळ्यांच्या डब्यात, एक बाबांच्या पाकिटात, फोटो तुमच्या फोनमध्ये आणि एक शेजाऱ्यांकडे. रात्री दोन वाजता तुमच्याआधी शेजारीच पोचणार आहेत.

आता पिशव्या. प्रत्येकाची एकच फाईल, तारखेनुसार, सगळ्यात नवा कागद वर. आजारांनुसार लावायला गेलात की एकच डिस्चार्ज कार्ड तीन ठिकाणी लागतं. सगळी डिस्चार्ज कार्डं, ऑपरेशनच्या नोंदी, अँजिओग्राफी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) यांचे रिपोर्ट, स्टेंटचं स्टिकर किंवा कार्ड, मोतीबिंदूच्या लेन्सचं कार्ड, बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, यातलं काही टाकायचं नाही. दहा वर्षांपूर्वीच्या उपाशीपोटीच्या साखरेचा कागद मात्र खुशाल जाऊ द्या. त्याआधी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची) यांचे आकडे तारखेसह एका तक्त्यात उतरवा. क्रिएटिनिन १.१, मग १.३, मग १.६. सुटे रिपोर्ट बघताना प्रत्येक वेळी "थोडं वाढलंय" एवढंच वाटतं. एकाखाली एक लिहिलं की ते कुठे चाललंय ते दिसतं.

ईसीजीची आजच झेरॉक्स काढा. तो कागद थर्मल असतो, काही वर्षांत कोरा होतो. आणि लॅमिनेशन तर चुकूनही नको. आमच्या बाबांनी मोठ्या हौसेने एक ईसीजी लॅमिनेट करायला दिला होता. मशीनमधून बाहेर आला तो काळाकुट्ट. अँजिओग्राफीची सीडी असेल तर ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, नव्या लॅपटॉपना सीडीची खाचच नसते.

स्कॅन कराल तेव्हा फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाईली तारखेच्या क्रमाने आपोआप लागतात. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं म्हणजे जपून ठेवलं, असं धरू नका. आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ अंकी नंबर काढून ठेवायला हरकत नाही, पण तो या पानाची जागा घेत नाही.

विम्याच्या क्लेमला मूळ बिलं आणि कागद मागतात, म्हणून देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स. घरी आल्यानंतरची औषधांची बिलंही ठेवा, बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेले असतात. आईचं नाव एका कागदावर सुमन, दुसऱ्यावर सुमनबाई, असं असेल तर आत्ताच एकसारखं करून घ्या. दोघांपैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली असेल त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. मात्र घरात आधीची दुसरी सरकारी योजना असेल तर कुठली ठेवायची ते आधी विचारून घ्या. जुन्या ॲडमिशनचे कागद हरवले असतील तर हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे आहेत, पण नोंदी ३ वर्षंच ठेवायचं बंधन आहे, तेव्हा उशीर नको.

बाबा कागद सोडायला तयार नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. आमचेही नव्हते. त्यांची ऑफिसातली, नाडीने बांधायची फाईल होती, तिला कुणी हात लावला की जेवण कडू व्हायचं. मी ओढाताण सोडली आणि आकड्यांचा तक्ता त्यांच्यावरच सोपवला. आता फूटपट्टीने रेघा मारून, माझ्यापेक्षा सुवाच्य अक्षरात तेच लिहितात, आणि मी उशिरा रिपोर्ट पाठवला तर फोन करून झापतात.

पुढच्या खेपेला साताऱ्याला गेलात की जेवणं झाल्यावर गोळ्यांचा डबा सतरंजीवर पालथा करा. एकेक स्ट्रिप उचलून आईला विचारा, "ही कशाची?" ती सांगेल ते लिहा. एखादीला "माहीत नाही, डॉक्टरांनी दिलीय" म्हणाली, तर त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाका. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत पहिलं तेच विचारायचं.