सर्व्हरने ‘हो’ म्हणायच्या आधी : मेल सर्व्हरवरचे तुमचे प्रश्न

या वेळी मेल सर्व्हरबद्दलचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलले. बहुतेकांकडे पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा) हीच जोडी आहे, म्हणून उत्तरंही त्याच हिशोबाने देतोय. एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांना सेटिंगची नावं वेगळी दिसतील, बाकी गणित तेच.

प्रश्न : छोट्या ऑफिसचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. परवापासून क्यूमध्ये (पाठवायच्या मेलच्या रांगेत) हजारो मेल अडकलेत, सगळे अनोळखी पत्त्यांवर, आणि आमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये गेलाय. एकजण म्हणाला तुमचा सर्व्हर ओपन रिले झालाय, म्हणजे कुणाचेही मेल कुणालाही पोचवून देतोय. फॉरमॅट करून नव्याने बसवू का?

थांबा, फॉरमॅट अजिबात करू नका, सगळा पुरावा लॉगमध्येच आहे आणि तो पुसला गेला की नव्या सर्व्हरवर हेच परत होणार. आधी पोस्टसुपर कमांडने सगळी क्यू होल्डवर टाका म्हणजे अडकलेल्यांचं बाहेर जाणं थांबेल, मग रांग दाखवणारी मेलक्यू कमांड मारा आणि त्यातला कुठलाही एक मेल पोस्टकॅटने उघडून बघा. त्याचा क्यू आयडी घेऊन मेल लॉगमध्ये शोधलात की तो आत कसा आला ते कळतं. तिथे बहुधा तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

त्या ओळीत सासल_युजरनेम (लॉगिन करणाऱ्याचं नाव) असं लिहून पुढे तुमच्याच कुणाचं नाव असेल तर पासवर्ड चोरीला गेलाय. बऱ्याचदा हेच निघतं, आणि लोक मात्र ओपन रिले ओपन रिले करत भलतीकडेच शोधत बसतात. पासवर्ड बदला, पण तेवढ्यावर सोडू नका, आधीपासून जोडलेली सेशन्स चालूच राहतात ती डव्हकॉटच्या डव्हअ‍ॅडमने तोडा, आणि त्या मेलबॉक्समधले सीव्ह नियम (मेल आपोआप हलवणारे, फॉरवर्ड करणारे) उघडून वाचा, कारण चोर जाताना गुपचूप एखादा फॉरवर्ड लावून जातो आणि मग पासवर्ड बदलूनही सगळे मेल त्याला मिळत राहतात. हे झाल्यावर त्या पाठवणाऱ्याचे अडकलेले मेल क्यूमधून उडवा आणि बाकीचे होल्डवरून सोडा.

नाव नसेल आणि मेल बाहेरच्या आयपीवरून येऊन बाहेरच्याच पत्त्यावर जात असेल, तर मात्र खरंच ओपन रिले. मायनेटवर्क्स ही ओळ, म्हणजे लॉगिनशिवाय पाठवू द्यायच्या ‘घरच्या’ आयपींची यादी, तपासा. इथे एक खड्डा आहे ज्यात भलेभले पडतात : पोस्टफिक्स डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) चालवत असाल तर काही सेटअपमध्ये बाहेरून येणारं प्रत्येक कनेक्शन डॉकरच्या आतल्या गेटवेवरूनच, म्हणजे १७२.१७.०.१ सारख्या पत्त्यावरून आल्यासारखं दिसतं, आणि ती रेंज मायनेटवर्क्समध्ये असली की सगळं जग ‘घरचं’ होऊन बसतं. मायनेटवर्क्समध्ये फक्त लोकलहोस्ट ठेवा, ऑफिसातले प्रिंटर-स्कॅनर सुद्धा लॉगिन करूनच पाठवू देत. पोस्टफिक्स २.१० पासून रिलेचे नियम वेगळ्या यादीत आहेत, एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स, त्यात शेवटी रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन (परक्या पत्त्यांना नकार) असलंच पाहिजे. मग बाहेरच्या कुठल्यातरी नेटवरून पोर्ट २५ ला टेलनेट करून परक्या पत्त्यावर मेल देऊन बघा, ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं की झालं.

तिसरा प्रकार म्हणजे पाठवणाऱ्याची जागा रिकामी, नुसते कोनी कंस. या बाउन्सच्या चिठ्ठ्या आहेत, तुमच्या सर्व्हरने नसलेल्या पत्त्यांचे मेल आधी घेतले आणि नंतर परत करायला बसला. पण स्पॅममधला पाठवणारा खोटा असतो, त्यामुळे ती चिठ्ठी जाते भलत्याच निरपराध माणसाला, आणि ब्लॅकलिस्टवाले त्यासाठी तुम्हालाच धरतात, ते बरोबरच आहे. सर्व्हरने ‘२५० ओके’ (मेल घेतला) म्हटलं की त्या क्षणापासून तो मेल तुमची जबाबदारी, पोचवा नाहीतर कळवा. म्हणून नको असलेल्याला नाही म्हणायचं ते बोलणं चालू असतानाच, ५५० (कायमचा नकार) देऊन, म्हणजे पुढे काय करायचं ते पाठवणाऱ्याचा सर्व्हर बघेल. बॅकअप एमएक्स (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर) ठेवला असेल तर तिथे हमखास गडबड असते, त्याला तुमच्या पत्त्यांची यादीच माहीत नसते आणि तो येईल ते घेत सुटतो. त्याला रिले_रेसिपिएंट_मॅप्समध्ये यादी द्या, नाहीतर सरळ काढून टाका. मुख्य सर्व्हर थोडा वेळ बंद पडला तरी पाठवणारे काही दिवस परत परत प्रयत्न करतात, पोस्टफिक्सचा स्वतःचा डिफॉल्ट ५ दिवसांचा आहे.

परत होऊ नये म्हणून : पोर्ट २५ वर लॉगिनच बंद ठेवा, ते फक्त सर्व्हर-सर्व्हरच्या बोलण्यासाठी. लोकांनी पाठवायला ४६५ किंवा ५८७. फेल२बॅन (चुकीचे पासवर्ड टाकणारे आयपी अडवणारा) लावा, पण एक लक्षात ठेवा, हल्ली पासवर्ड शोधणारे हजारो आयपीवरून एकेक प्रयत्न करतात आणि ते त्यात सापडत नाहीत, म्हणून लांब पासवर्ड आणि प्रत्येक युजरला ताशी किती मेल यावर मर्यादा, हे दोन्ही पाहिजेच. ही मर्यादा पोस्टफिक्सच्या स्वतःच्या रेट लिमिटने होत नाही, ते आयपीवर मोजतं, युजरवर नाही. त्यासाठी आरस्पॅमडी या स्पॅम फिल्टरचं रेट लिमिट किंवा वेगळा पॉलिसी सर्व्हर लागतो.

प्रश्न : इन्फो@ आणि सेल्स@ हे पत्ते मी तीन जणांच्या जीमेलवर फॉरवर्ड केलेत. काही मेल येतात, काही येतच नाहीत, आणि कुठले येणार ते सांगता येत नाही. एलियास (एका पत्त्याचे मेल दुसऱ्याकडे वळवणारी नोंद) चुकीचा लिहिलाय का?

एलियास बरोबरच असणार, चुकीचा असता तर एकही आला नसता. काय होतं बघा. बँकेने तुम्हाला मेल पाठवला, तुमच्या सर्व्हरने तो जसाच्या तसा जीमेलकडे ढकलला, आता जीमेलला दिसतं की लिफाफ्यावर पाठवणारा म्हणून बँकेचं डोमेन आहे पण आणून देणारा आयपी तुमचा, जो बँकेच्या एसपीएफ यादीत (त्या डोमेनच्या नावाने कुठल्या आयपींनी पाठवावं याची यादी) नाही. एसपीएफ फेल. मग तो मेल तरतो तो डीकेआयएम या डिजिटल सहीवर, ती मेलच्या मजकुरावर आणि हेडरवर असते आणि वाटेत कुणी हात लावला नाही तर फॉरवर्ड होऊनही टिकते. डीमार्कला (फ्रॉममधलं डोमेन खरं का ते तपासून नापासाचं काय करायचं ते सांगणारा नियम) दोन्हीपैकी एक पुरतं, फक्त ते फ्रॉममधल्या डोमेनशी जुळायला हवं. म्हणजे ज्यांनी नीट डीकेआयएम केलंय त्यांचे मेल पोचतात, ज्यांनी केलेलं नाही त्यांचे गायब. तुम्हाला जे ‘सांगता येत नाही’ वाटतंय ते असं पाठवणाऱ्यावर अवलंबून आहे.

तुमच्या बाजूला दोन गोष्टी बघा. एक, तुमचा फिल्टर सब्जेक्टमध्ये ‘स्पॅम’ असा शिक्का किंवा खाली कंपनीचा फूटर चिकटवतो का? चिकटवत असेल तर बंद करा, त्याने सही मोडते. दुसरं, पोस्टएसआरएसडी बसवलंत तर तो लिफाफ्यावरचा पत्ता बदलून तुमच्या डोमेनचा करतो, एसपीएफ पास होतो आणि बाउन्सही तुमच्यामार्फत योग्य जागी जातात. पण डीमार्कला याचा उपयोग नाही कारण फ्रॉम बँकेचाच राहतो, तिथे तारणारी डीकेआयएमच.

माझं स्पष्ट मत विचाराल तर बाहेर फॉरवर्ड करूच नका. इन्फो@ सारख्या पत्त्यांना स्पॅम सगळ्यात जास्त येतो, आणि तुम्ही तो स्पॅम स्वतःच्या आयपीवरून, स्वतःच्या हाताने जीमेलला नेऊन देताय, मग तुमचे खरे मेलही स्पॅममध्ये पडायला लागले की दोष कुणाला द्यायचा? एलियास तुमच्याच सर्व्हरवरच्या तीन मेलबॉक्सकडे वळवा आणि तिघांच्या फोनवर मेल अ‍ॅपमध्ये दुसरं अकाउंट जोडून द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

एलियास कुठे लिहायचे हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. ईटीसीमधली एलियासेस फाइल फक्त सर्व्हरवरच्या लोकल युजरसाठी, बदल केल्यावर न्यूएलियासेस चालवायचं. व्हर्च्युअल_एलियास_मॅप्स मात्र आलेल्या प्रत्येक पत्त्याला लागू होतं, अनेक डोमेन असतील तर तेच वापरा आणि हॅश फाइल असेल तर बदलानंतर पोस्टमॅप कमांड चालवायला विसरू नका, फाइल बदलली पण काहीच होत नाही या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. आणि रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच लावलं असेल (लावाच, नाहीतर एक युजर दुसऱ्याच्या नावाने पाठवू शकतो) तर सेंडर लॉगिन मॅपमध्ये कुणाला कुठला एलियास वापरून पाठवता येईल तेही लिहावं लागतं, नाहीतर इन्फो@ वरून उत्तर द्यायला गेलं की नकार येतो.

प्रश्न : ग्राहक पत्त्याचं स्पेलिंग चुकवतात म्हणून कॅच-ऑल ठेवलाय, चालेल ना?

नको. कॅच-ऑल म्हणजे तुमच्या डोमेनवर कुणी काहीही नाव टाकून पाठवलं तरी तुम्ही घेणार, आणि स्पॅमवाले नावांची अख्खी डिक्शनरी चालवतात. शिवाय स्पेलिंग चुकलेल्या माणसाला ५५० मिळालं तर त्याला लगेच कळतं आणि तो सुधारून पाठवतो, कॅच-ऑलमध्ये पडलं तर तो उत्तराची वाट बघत बसतो. नेहमीच्या दोन-चार चुका असतील तर त्यांचे एलियास करा. आणि प्रत्येक वेबसाइटला वेगळा पत्ता द्यायचा असेल तर रेसिपिएंट_डेलिमिटरमध्ये प्लसचं चिन्ह टाका, मग नाव+दुकान@ असा पत्ता आपोआप नाव@ मध्ये येतो आणि कुणी पत्ता विकला तेही कळतं. काही वेबसाइट प्लस घेत नाहीत, तिथे डेलिमिटरमध्ये हायफनही चालतो, फक्त मग खऱ्या नावांत हायफन नकोत.

प्रश्न : आरस्पॅमडी बसवला. स्पॅम कमी झाला पण ओटीपी उशिरा येतात आणि काही ग्राहकांचे मेल जंकमध्ये जातात. स्कोअर वाढवू का?

स्कोअरला हात लावायच्या आधी मेलचे हेडर बघा, कुठल्या नियमाने किती गुण दिले ते तिथे लिहिलेलं असतं. आरस्पॅमडीच्या डिफॉल्टमध्ये ४ गुणांना ग्रेलिस्ट, ६ ला स्पॅमचं हेडर आणि १५ ला सरळ नकार. ग्रेलिस्ट म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’ असं तात्पुरतं उत्तर, खरा सर्व्हर परत येतो, फुटकळ स्पॅम पाठवणारा येत नाही. पण ओटीपीचं आयुष्यच पाच-दहा मिनिटांचं, तो परत येईपर्यंत मेलेला. ग्रेलिस्टिंगचा फायदाही पूर्वीइतका राहिलेला नाही, माझ्या मते बंद करा, किंवा ज्या डोमेनवरून ओटीपी येतात त्यांना सूट द्या.

ग्राहकांच्या मेलचं कारण बऱ्याचदा वेगळंच निघतं. सर्व्हरचा डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) गूगलच्या ८.८.८.८ वर लावलेला असेल तर स्पॅमहाउससारख्या ब्लॅकलिस्ट तिथून आलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देत नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड देतात, आणि काही सेटअप त्यालाच ‘यादीत सापडला’ असं समजून बसतात. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस बसवा आणि सगळे प्रश्न त्यालाच विचारू दे. हे एक केलं की फिल्टरमध्ये पडणारा फरक बघण्यासारखा असतो.

आरस्पॅमडीतल्या बेझ फिल्टरला (मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखणारा) शिकवावं लागतं, तेही दोन्ही बाजूंनी, साधारण २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. लोक फक्त स्पॅम दाखवतात आणि मग तो काहीच बोलत नाही म्हणून वैतागतात. डव्हकॉटमध्ये आयमॅप-सीव्ह लावलंत तर युजरने मेल जंकमध्ये ओढला किंवा बाहेर काढला की आपोआप शिकवलं जातं.

आणि मेल घेऊन मग कुणाला न सांगता फेकून देणारा नियम कधीही लिहू नका. खात्रीचा स्पॅम नाकारा, शंकेचा सीव्हने जंकमध्ये टाका. ग्राहकाचा मेल चुकून नाकारला गेला तर त्याला निदान कळेल आणि तो फोन करेल. गुपचूप फेकलात तर ना त्याला कळणार ना तुम्हाला.

प्रश्न : एसपीएफच्या शेवटी टिल्ड ऑल (यादीबाहेरचे संशयित) ठेवू की मायनस ऑल (यादीबाहेरचे सरळ नाकारा)? आणि डीमार्क लगेच रिजेक्टवर नेऊ का?

टिल्ड ठेवा आणि खरी कडक भूमिका डीमार्कला घेऊ द्या. डीमार्क आधी ‘नन’ (कारवाई नाही, फक्त रिपोर्ट) वर, रिपोर्टचा पत्ता देऊन. काही आठवडे ते रिपोर्ट खरोखर वाचा, त्यात तुमच्या नावाने पाठवणारं असं काहीतरी सापडतंच जे सगळे विसरलेले असतात, बिलिंगचं सॉफ्टवेअर, वेबसाइटचा फॉर्म. त्यांची डीकेआयएम लावून झाली की क्वारंटाइन (जंकमध्ये टाका), मग रिजेक्ट. एसपीएफमध्ये इन्क्लूड जोडत जाताना १० डीएनएस लुकअपची मर्यादा आहे, ती ओलांडली की अख्खा रेकॉर्डच एररमध्ये जातो. आणि रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव आणि त्या नावावरून परत तोच आयपी, हे आधी करा, ते होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमध्ये असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल हे सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून मागतं, आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीचे.

ज्या डोमेनवरून तुम्ही मेल पाठवतच नाही तिथे मात्र मायनस ऑल आणि डीमार्क रिजेक्ट, आजच.

प्रश्न : पोर्ट २५ वर टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करणं) सक्तीचं करू का?

येणाऱ्या मेलसाठी नाही, काही जुने सर्व्हर अजून साधंच बोलतात आणि त्यांचे मेल बंद होतील. तिथे ‘मे’ (जमलं तर टीएलएस, नाहीतर साधं) ठेवा. ४६५ आणि ५८७ वर मात्र सक्ती, तिथून पासवर्ड जातो.

प्रश्न : पोस्टमास्टर@ वर नुसता स्पॅम येतो, बंद केला तर?

करू नका, हा पत्ता चालू ठेवणं एसएमटीपीच्या स्टँडर्डमध्येच बंधनकारक आहे. अब्यूज@ पण ठेवा. दोन्ही एलियास करून अशा मेलबॉक्सला जोडा जो कुणीतरी रोज उघडतं, आणि त्या दोन पत्त्यांसाठी फिल्टरचा रिजेक्ट बंद ठेवा, कारण तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम जातोय अशी तक्रार करणारा माणूस तो स्पॅम सोबत जोडूनच पाठवतो.