‘कोल्यादा’ आणि ‘कॅरोल’

प्रश्न : युक्रेनमध्ये नाताळच्या गाण्यांना ‘कोल्यादका’ म्हणतात. हा ‘कॅरोल’चाच अपभ्रंश ना? आणि नाताळच्या आदल्या रात्री तिथे छतावर खीर फेकतात, तिचं नाव मराठीत कसं लिहावं?

अपभ्रंश अजिबात नाही! दर डिसेंबरात कोणी ना कोणी हे ठोकून देतंच. ‘क’ला ‘क’ आणि ‘ल’ला ‘ल’ जुळला की झाली व्युत्पत्ती! ‘कॅरोल’ जुन्या फ्रेंचमधला, तिथे त्याचा अर्थ फेर धरून केलेला नाच. ‘कोल्यादा’ म्हणजे नाताळ-नववर्षाचा सण. हा शब्द आला लॅटिनमधल्या ‘कालेंदाए’वरून, म्हणजे रोमन महिन्याच्या पहिल्या दिवसावरून. कोल्यादाची गाणी त्या कोल्यादका.

आता खरी गंमत. ‘कालेंदाए’च्या मुळाशी ‘कालारे’ हा धातू आहे : हाक देणं, पुकारणं. या महिन्यात ‘नोनाए’ हा रोमन पंचांगातला ठरीव दिवस पाचव्या तारखेला येणार की सातव्या, हे रोमचे पुरोहित पहिल्या तारखेला पुकारून सांगत. कर्जावरचं व्याजही त्याच दिवशी चुकवायचं, म्हणून सावकाराची वही झाली ‘कालेंदारियुम’. तिचाच वंशज आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर. चांदणी लावलेली काठी घेऊन दारोदार कोल्यादका गाणारी युक्रेनी पोरं आणि खिळ्याला टांगलेलं, दुधाचे खाडे मांडलेलं आपलं कॅलेंडर : घराणं एकच.

मी आणखी पुढे जातो. संस्कृतात कोंबड्याला ‘उषाकल’ असाही शब्द आहे, पहाटे हाक देणारा. त्यातला ‘कल’ आणि लॅटिनचा ‘कालारे’ सख्खे भाऊ आहेत, असं माझं ठाम मत आहे. ‘कलकल’, ‘कलरव’ हेही मी त्याच ओळीत बसवतो. हे नुसते ध्वन्यनुकारी शब्द म्हणून झटकून टाकणाऱ्यांना आरवणाऱ्या कोंबड्याचं काय करायचं ते सुचत नाही.

‘कोल्यादा’ ही प्राचीन स्लाव देवता, किंवा तो ‘कोलो’ म्हणजे चाक, अर्थात सूर्यचक्र, यावरून आला, असं सांगणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी एवढंच सांगावं : पोलिश ‘कोलेंदा’मधला अनुनासिक कुठून आला? चाकात तर तो नाही. ‘कालेंदाए’त तो रोखठोक आहे, पोलिशने तो जपला, युक्रेनीत त्याचा नियमाप्रमाणे ‘या’ झाला. माक्स फास्मरच्या रशियन व्युत्पत्तिकोशातही लॅटिनच मूळ दिलं आहे. देवता नंतर शब्दावरून घडवली गेली.

शब्द मुळात तारखेचा, नववर्षाचा. नाताळाला तो पुढे चिकटला. युक्रेनीत नाताळाचं नाव वेगळंच आहे : ‘रिझ्द्वो’, म्हणजे जन्म. आपला ‘नाताळ’ही पोर्तुगीज ‘नताल’वरून आलेला, अर्थ जन्माचाच. २०२३ साली युक्रेनने कायदा करून ७ जानेवारीची नाताळची सुट्टी रद्द केली आणि २५ डिसेंबरचीच ठेवली.

आणि कृपा करून ‘श्चेद्रिक’ला कोल्यादका म्हणू नका. मिकोला लेओंतोविचची ती रचना १९१६ साली किव्हमध्ये पहिल्यांदा गायली गेली. ती ‘श्चेद्रिवका’ आहे, नववर्षाच्या आदल्या संध्याकाळची. तिच्यात येशू नाही, घंटाही नाहीत. एक पाकोळी येऊन घरधन्याला सांगते, बाहेर ये, तुझ्या मेंढ्यांना कोकरं झालीत. घंटा १९३६च्या इंग्रजी शब्दांनी, म्हणजे ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ने आणल्या. ऐन थंडीत पाकोळी कशी? नववर्ष वसंतात सुरू होई त्या काळाची ही खूण आहे.

हां, खीर. उकडलेले गहू, मध, खसखस, अक्रोड. दूध नाही, कारण ते उपासाचं जेवण : बारा पदार्थ, मांस आणि दूधदुभतं वर्ज्य. घरधनी चमचाभर छताकडे भिरकावतो. दाणे चिकटले तर वर्ष भरभराटीचं. लिहायचं ‘कुत्या’, आघात शेवटच्या अक्षरावर. युक्रेनीत ‘ट’ नाही, तेव्हा ‘कुट्या’ चूक. इंग्रजी स्पेलिंग वाचून ‘कुतिया’ लिहिणाऱ्यांनी एकदा हिंदी शब्दकोश उघडावा.