2008 ची पेट्रोल वॅगन-आर, ॲव्हरेज 12 वर आलंय, काय मॉडिफाय करू?

मॉडिफाय काही करू नका, आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) जागेवर आहे का बघा. बेळगावात उद्यमबागेत आमच्या गॅरेजला येणाऱ्या जुन्या गाड्यांत तो बऱ्याचदा काढूनच टाकलेला असतोय, गाडी गरम होते म्हणून, मग इंजिन नीट तापतच नाही आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडत राहतंय. खानापूरपर्यंत जाऊनपण टेंपरेचरचा काटा खालीच असेल तर हेच समजा. मग हँडब्रेक सोडून, न्यूट्रलला, चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवा, जड फिरलं तर ब्रेक धरतोय. एअर फिल्टर, प्लग, टायरची हवा तर बघायचीच. रुंद टायर आणि पेट्रोल लाईनवरचं मॅग्नेट यात पैसे घालू नका हो. फक्त रेडिएटर चोंदला असेल तर तो साफ केल्याशिवाय थर्मोस्टॅट बसवू नका, गाडी खरंच गरम होईल.