थंड हवेच्या ठिकाणी सायकसला नवी पाने यावीत म्हणून जुनी पाने छाटावीत का?

तुम्ही लिहिले आहे की महाबळेश्वरला अंगणातल्या कुंडीत लावलेल्या सायकसला, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या त्या शोभेच्या झाडाला, दोन वर्षांत एकही नवे पान आलेले नाही, आणि ओळखीच्या एका माळ्याने सगळी जुनी पाने बुडापासून छाटून टाकण्याचा सल्ला दिला आहे. तो मानू नका. कात्री जागेवर ठेवून द्या आणि मग पुढचे वाचा, कारण नेमक्या याच सल्ल्यापायी आमच्या घरचे एक जुने झाड सव्वादोन वर्षे बोडके उभे राहिले आणि त्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या बंधूंचा जो वाद सुरू झाला, तो दर दिवाळीला फराळाबरोबर नव्याने वाढला जातो.

ते झाड मी १९९७ साली, त्याचा गड्डा, म्हणजे बुडाचे फुगीर खोड, नारळाएवढा असताना, ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या मागच्या अंगणात लावले होते. दुपारचे तीन तास कडक ऊन, पाठीशी तापणारी कुंपणाची भिंत आणि इमारतीच्या वेळचा राडारोडा मिसळलेली माती, एवढ्यावर ते वाढले. पहिली काही वर्षे त्याची नवी पाने पिवळी आणि पिळवटलेली येत असत. चुन्या-सिमेंटच्या मातीत झाडाला मँगनीज उचलता येत नाही आणि त्याचे हे लक्षण आहे, हे मला फार उशिरा समजले. तोपर्यंत मीही इतरांप्रमाणे एप्सम सॉल्ट घालत बसलो होतो. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असते, मँगनीज नव्हे, आणि दोन नावे कानाला सारखी लागतात एवढ्यावरून बागकाम करणाऱ्यांनी त्याला सर्व रोगांवरचे औषध करून टाकले आहे. थोडे मँगनीज सल्फेट मातीत मिसळल्यावर पुढच्या खेपेची पाने सरळ आली. बिघडलेली पाने मात्र तशीच राहतात, ती कधी सुधारत नाहीत.

२०१६ साली इमारत पुनर्विकासाला गेली. नव्या नकाशात अंगणाच्या जागी वाहनतळ होता आणि आम्हाला सतराव्या मजल्यावरचे घर मिळणार होते, त्यामुळे दादा जेव्हा म्हणाले की पाचगणीला माझ्याकडे जागाच जागा आहे, झाड मला दे, तेव्हा मला हायसे वाटले. झाड नोव्हेंबरात काढले गेले, ही चूक माझी आहे आणि ती मी नाकारत नाही. पण बिल्डरची तारीख नोव्हेंबरची होती, झाडाची नव्हे. मुळे निम्म्याहून अधिक तुटली. टेम्पोत चढवताना मी दादांना एवढेच सांगितले की पाने राहू द्या, पाणी बेताचे घाला आणि उन्हाळ्याची वाट पाहा.

जानेवारीत दादांचा फोन आला की झाड छान दिसते आहे, सगळी पाने काढून टाकली. जवळच्या एका रोपवाटिकेतल्या माणसाने त्यांना सांगितले होते की छाटल्याशिवाय सायकस नवे पान काढत नाही. हे विधान इतके सर्रास केले जाते की त्यामागे काही तथ्य असेल असेच कोणालाही वाटावे. तथ्य आहेही, पण ते उष्ण हवेपुरते. सायकसचे खोड ही पिष्टाची कणगी असते. झाडाच्या मूळ देशात, दक्षिण जपानच्या बेटांवर, लोकांनी टंचाईच्या काळात विष धुऊन काढून हे पिष्ट खाल्लेले आहे. नव्या पानांचा घोस एकदम येतो तो या कणगीतून, आणि कणगी पुन्हा भरतात ती जुनी हिरवी पाने. ठाण्यासारख्या ठिकाणी पाने छाटली तरी माती गरम असते, मुळे चालू असतात आणि महिन्या-दोन महिन्यांत नवा पोंगा दिसतो. पाचगणीच्या जानेवारीत माती थंडगार असते, मुळे निजलेली असतात, आणि अशा वेळी पाने काढणे म्हणजे भरणारा हात तोडून कणगीच्या तळाशी किती धान्य उरले आहे याची परीक्षा पाहणे होय. झाडाला खर्च करता येत नाही आणि मिळवताही येत नाही. ते थांबून राहते.

आमचे झाड थांबले. २०१७ चा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, २०१८ चा उन्हाळाही गेला. मुळे मुळात तोकडी, त्यात कुंडी सिमेंटची, जाड आणि सावलीतली, त्यामुळे एप्रिलमध्येसुद्धा तिच्यातली माती सकाळी गार लागे. दादा दर आठवड्याला पाणी घालत, दर महिन्याला एप्सम सॉल्ट घालत आणि दर महिन्याला मला फोन करून सांगत की तू रोगट झाड माझ्या गळ्यात मारलेस. मातीच्या वरच्या थरात त्यांना पोवळ्यासारख्या फांद्याफांद्यांच्या गाठी दिसल्या, त्या त्यांनी रोग समजून खुरप्याने खरवडून काढल्या. त्या गाठी म्हणजे झाडाची खास मुळे असतात. त्यांच्यात नीलहरित शेवाळ राहते आणि ते हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवते. तुमच्या कुंडीत त्या दिसल्या तर आनंद माना आणि हात लावू नका. या सगळ्यातून झाड मेले नाही, याचे कारण एकच, की गड्डा कठीण राहिला होता. अंगठ्याने दाबून गड्डा दगडासारखा लागतो आहे तोवर झाड जिवंत आहे. मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर कुजण्याला सुरुवात झाली असे समजावे.

२०१८ च्या डिसेंबरात वहिनींनी ती कुंडी दोन गड्यांकडून उचलून मागच्या पडवीत ठेवली. झाडाच्या भल्यासाठी नव्हे, तर वाळवणाच्या वाटेत ती अडचण होत होती म्हणून. पडवी दक्षिणेला उघडी आहे आणि तिथल्या कोब्यावर पाण्याचा बंब आहे, जो थंडीच्या दिवसांत पहाटे पेटतो आणि घरी पाहुणे असले की दुपारपर्यंत धुमसत राहतो. कुंडी बंबापासून दीड हातावर होती. जानेवारीत मी गेलो असता सहज थर्मामीटर मातीत खोचून पाहिला, तर अंगणातल्या मातीत सकाळी १५ अंश आणि त्या कुंडीत २५ अंश निघाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गड्ड्याच्या डोक्यावरची लव फुगली, मग मध्ये तपकिरी पोंगा वर आला आणि तेरा पाने एकदम उलगडली. दादांनी ताबडतोब फोन करून एप्सम सॉल्टचा विजय जाहीर केला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की पानांकडे पाहणे सोडून मुळांकडे पाहा. थंड हवेत सायकसचे अडते ते मातीच्या तापमानापाशी. कुंडीतली माती दिवसातला बराच वेळ २५ ते ३० अंशांवर राहील अशी सोय केली तर बाकीचे झाड स्वतः करते. कुंडी सिमेंटची असेल तर ती काढून टाका. निळ्या प्लास्टिकच्या पिंपाचा अर्धा भाग बुडाला भोके पाडून वापरा आणि शक्य असेल तर बाहेरून काळा रंगवा, तो उन्हात चांगला तापतो. कुंडी थेट जमिनीवर न ठेवता दोन विटांवर, दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला लागून ठेवा. बंब असेल तर उत्तमच, पण धग सोसवेल एवढे अंतर राखा. विलायतेत रोपे रुजवण्यासाठी जी विजेची गरम चटई मिळते, तिचे काम हेच असते आणि तिथली हौशी मंडळी ती सायकसखाली सर्रास घालतात. लंडनच्या क्यू उद्यानात एन्सेफॅलार्टॉस अल्टेनस्टाइनी जातीचे सायकसच्या नात्यातले एक झाड आहे, जे फ्रान्सिस मॅसन याने दक्षिण आफ्रिकेतून १७७५ साली आणले; ते आजही कुंडीतच जिवंत आहे, आणि एवढ्या वर्षांत त्याला शंकू, म्हणजे या झाडांमध्ये फुलाच्या जागी येणारा कणसासारखा भाग, आल्याची नोंद आहे ती १८१९ सालची. लंडनच्या थंडीत ते टिकले ते तापवलेल्या काचघराच्या जोरावर, कात्रीच्या नव्हे. दोन वर्षांत पान नाही म्हणून हवालदिल होणाऱ्यांनी ही १८१९ ची तारीख भिंतीवर लावून ठेवावी. मी दादांना ती एकदा लिहून पाठवली होती, त्याला उत्तर आले नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची आहे, आणि परदेशी माहिती वाचून आपली माणसे हमखास इथेच फसतात. जपानमध्ये काय किंवा विलायतेत काय, उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि तिथे सगळे सांगतात की पाने त्या काळात येतात. सह्याद्रीच्या माथ्यावर त्याच महिन्यांत ऊन नसते, धुके असते आणि महाबळेश्वरला तर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. धुक्यात उलगडलेली पाने उजेडाच्या शोधात लांबलचक, विरळ आणि लुळी होतात आणि पुढे अनेक वर्षे तशीच झाडावर राहतात. तुमचा खरा उन्हाळा मार्च ते मे हा आहे. जानेवारीच्या अखेरीपासून माती तापवायला घ्या, पोंगा दिसेपर्यंत पाणी हात आखडून घाला, पोंगा दिसला की नियमित घाला आणि मृगाच्या आत पाने कडक झालेली असतील असे पाहा. पाने उलगडत असताना कुंडी फिरवू नका, नाहीतर ती वाकडीतिकडी होतात. पाऊस सुरू झाला की झाड छपराखाली गेले पाहिजे, कारण थंडी आणि ओल यांपैकी एकेकटीला सायकस पुरून उरते, दोघी मिळून मात्र त्याला कुजवतात. मातीत निम्मी जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे असावेत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तुमच्या हवेत अजिबात नको, ते ओल धरून बसते. खताचे म्हणाल तर ते पोंगा आल्यावर थोडेसे द्यावे. थंड मातीत घातलेले खत झाडाच्या उपयोगाला येत नाही.

न्यायाने काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पूर्ण वाळलेली, तपकिरी पाने कधीही काढावीत, त्याला माझी हरकत नाही. मुळे तुटलेल्या झाडाची काही पाने कमी करण्याची रीत अनुभवी माणसेही पाळतात, कारण उरलेल्या मुळांना तेवढ्या पानांचे पाणी पुरवता येत नाही. म्हणजे दादांनी चार-सहा पाने ठेवून बाकीची काढली असती तर मला एवढे बोलता आले नसते. आणखी एक कबुली अशी की नौपाड्यात असताना गणपतीच्या मखरासाठी मी स्वतः त्याच झाडाची दहा-बारा पाने दर वर्षी कापत होतो आणि झाडाने कधी तक्रार केली नाही. वहिनींनी हे दादांसमोर काढले, तेव्हा मी ठाण्याच्या उकाड्याचा मुद्दा मांडला, आणि तो खरा असूनही त्या क्षणी पळवाटेसारखाच वाटला. ज्या वर्षी झाडाला शंकू यायचा असतो त्या वर्षी बहुधा पाने येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. तुमच्या झाडाच्या मध्यभागी काही वेगळे फुगताना दिसत असेल तर हा सगळा उपद्व्याप अनावश्यक आहे. पानांवर पांढरी पावडर शिंपडल्यासारखे दिसले तर ती खवले कीड असू शकते, आणि तिच्यापुढे गरम माती काही करू शकत नाही. घरात कुत्रा असेल तर बिया त्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्या जीवघेण्या विषारी असतात.

२०२२ साली दादांनी त्याच झाडाच्या बुंध्याला फुटलेले एक पिल्लू काढून मला ठाण्याला पाठवले. पाठवण्यापूर्वी त्याची सगळी पाने छाटली होती, आणि सोबतच्या चिठ्ठीत तसे ठळक अक्षरांत लिहिले होते. बिनमुळांच्या पिल्लासाठी ती पद्धत बरोबर आहे, हे मी त्यांना फोनवर सांगितले नाही. सतराव्या मजल्याच्या पश्चिमेकडच्या गच्चीत, मे महिन्याच्या उन्हात, ते पाच महिन्यांत रुजले आणि त्याला चार पाने आली, त्यांतली दोन एका निळ्या फुलपाखराच्या अळ्यांनी कोवळी असतानाच खाल्ली. तेवढ्या उंचीवर ते फुलपाखरू कसे पोहोचले कोणास ठाऊक, पण सायकसची कोवळी पालवी हेच त्या अळ्यांचे अन्न आहे, त्यामुळे आता पोंगा दिसला की मी त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधतो. उरलेल्या दोन पानांचे छायाचित्र दादांनी मागवून घेतले आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवले, खाली एवढेच लिहून, की छाटल्याने येतात.