तिखट बंद केलं तरी रक्त का थांबेना?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा २२ वर्षांचा, चार महिन्यांपूर्वी कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. तेव्हापासून घरात तिखट, मटण, दूध सगळं बंद, तो नुसत्या ताक-भातावर. वजन सहा किलो उतरलं, तरी शौचातून रक्त पडतंयच. आणि आता जाऊबाई म्हणतात, गोळ्या सोडा, पथ्यानंच बरा होईल.

आधी गोळ्यांचं सांगतो. सोडू नका. मी हे करून बसलेला माणूस आहे. मला हा आजार १६ वर्षं आहे. पहिलं दीड वर्ष मूळव्याध समजून पुड्या खाण्यात गेलं. निदान झालं, मेसालामाइन या आतड्याची सूज उतरवणाऱ्या औषधानं बरं वाटलं, म्हणून माझं मीच बंद केलं. तिसऱ्या महिन्यात दिवसाला बारा-बारा वेळा संडास आणि हिमोग्लोबिन सातवर. त्यानंतर असला शहाणपणा केला नाही.

आता तिखट. आपल्या कोल्हापुरात पोटाचं काहीही झालं की पहिला आरोपी कांदा-लसूण मसाला. आतडं आधीच सोललेलं असताना तिखटानं जळजळ होते, घाई वाढते, हे खरंच. म्हणून त्रास चालू असताना तिखट बंद, बरोबर आहे. पण जळजळ वेगळी आणि सूज वेगळी. तिखट गेलं की जळजळ कमी होते, सूज आपल्या जागी राहते, आणि रक्त त्या सुजेतून येतं. तुमच्या घरी नेमकं हेच चाललंय.

सुजेचा संबंध पोटातल्या जंतूंशी जास्त आहे. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे फायबर, मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जंतू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. आपण जेवतो ते आपल्यासाठी, पण आतड्याचं जेवण हे जंतू रांधतात म्हणा ना. या आजारात ब्युटिरेट बनवणारे जंतू कमी झालेले सापडतात. चोथाच मिळाला नाही तर काही जंतू अस्तरावरचा बुळबुळीत थर खायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. तो थर म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या भिंतीवरचा गिलावा. तो पातळ झाला की जंतू थेट भिंतीला भिडतात आणि शरीर त्यांच्याशी लढायला उठतं. जंतू आधी बिघडले की आजारामुळं बिघडले, यावर वाद आहे. बहुधा दोन्ही.

मग खाण्यात खरा संशय कशावर? माझ्या मते पाकिटावर. भारतासह २१ देशांतल्या एक लाख सोळा हजार लोकांचा अभ्यास २०२१ साली आला. त्यात रोज पाच किंवा जास्त वेळा कारखान्यातलं तयार खाणं खाणाऱ्यांना, एकापेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत, आतड्याच्या अशा आजारांचा धोका सुमारे ८० टक्के जास्त दिसला. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. पण आइस्क्रीम, केक असल्या पदार्थांत घट्टपणासाठी किंवा तेल-पाणी एकजीव राहावं म्हणून घालतात त्या कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट ८० यांनी उंदरांचा तो गिलावा पातळ झाल्याचं २०१५ मध्ये दिसलं होतं. पाकिटावर बारीक अक्षरात ४६६ आणि ४३३ हे आकडे बघा, तेच ते. मुलगा हॉस्टेलवर काय खात होता हे एकदा शांतपणे विचारा. रागवू नका, आजार त्यानं ओढवून घेतलेला नाही.

मटणाचं उत्तर सरळ नाही. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजाराच्या रुग्णांत लाल मांस कमी करून पाहिलं, तर आजार उलटण्यात फरक पडला नाही. कोलायटिसमध्ये मात्र जास्त मांस खाणाऱ्यांचा आजार जास्त वेळा उलटल्याचं एका इंग्लंडमधल्या अभ्यासात दिसलं. मी महिन्यातून एकदा खातो, पांढरा रस्सा जास्त आणि फोडी कमी. दूध सोसत असेल तर बंद करायचं कारण नाही, पण उकळूनच. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध त्याला नको, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू झाल्या तर अजिबातच नको.

जाऊबाई हळदीचंही म्हणाल्या असतील. हळदीतल्या कर्क्युमिनचा मेसालामाइनसोबत फायदा दिसलाय खरा, पण त्यात रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. हळदीत ते साधारण ३ टक्के असतं, म्हणजे रोज शंभर ग्रॅम हळद! सांगलीचा हळद व्यापारी खूश होईल, पोट नाही. कॅप्सूल द्यायची झाली तर डॉक्टरांना विचारूनच.

ताक चालू ठेवा, पण ताक म्हणजे औषध नव्हे, कारण कुठला जंतू यालाच महत्त्व आहे. पहिल्या महायुद्धात सगळ्यांना हगवण लागली असताना एक जर्मन सैनिक ठणठणीत राहिला. १९१७ मध्ये निसल नावाच्या डॉक्टरनं त्याच्या विष्ठेतून एक जंतू वेगळा काढला. शांत झालेला कोलायटिस शांत ठेवायला तो पुढं मेसालामाइनइतकाच उपयोगी ठरला. तो काही आपल्या विरजणात नसतो.

ताक-भातावर चार महिने काढणं मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यात प्रथिनं फारच कमी आणि चोथा जवळजवळ नाहीच. त्रास आहे तोवर मुगाची मऊ खिचडी, शिजवलेला दुधी, केळं, अंडं, कमी मसाल्याचं चिकन द्या. रक्त थांबलं की एकेक पदार्थ वाढवा: ज्वारीची भाकरी, शिजवलेल्या पालेभाज्या, मग उसळी. आतडं कुठं अरुंद झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर चोथा त्यांना विचारूनच.

सहा किलो वजन आणि न थांबणारं रक्त, यासाठी पुढच्या तारखेची वाट बघू नका, याच आठवड्यात जा. हिमोग्लोबिन, शौचाची जंतुसंसर्गासाठी तपासणी आणि कॅल्प्रोटेक्टिन (आतड्यात सूज किती, हे शौचातून सांगणारी तपासणी) याबद्दल विचारा. डोकेदुखीला वगैरे तो आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतोय का, तेही सांगा, त्यानंही हा आजार उठतो. ताप आला, पोट फुगलं, उभं राहिलं की चक्कर येऊ लागली, तर त्याच दिवशी ॲडमिट करा. आणि तोवर सोसत असतील तर रोज दोन उकडलेली अंडी, पिवळ्या बलकासकट.