खाडीत होडी घालण्याआधी

सगळ्यात आधी बोलाइन गाठ शिक. कितीही ताण आला तरी तिचा फास आवळत नाही आणि भिजलेला दोरही बोटांनी सुटतो. डोळे मिटून बांधता येईपर्यंत सराव कर. खांबाला क्लोव्ह हिच ही दोन वेढ्यांची गाठ झटपट बसते, पण होडी हलत राहिली की सरकते. रात्रभर तिच्यावर विसंबू नकोस. दोर ढिला ठेव, नाहीतर ओहोटीला होडी टांगली जाईल.

इंजिन टू-स्ट्रोक असेल तर तेल पुस्तिकेप्रमाणेच घाल. ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल. सुरू होताच मागून पाण्याची बारीक धार पडते का बघ. नसेल तर लगेच बंद कर, इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा पंखा, गेला असेल किंवा प्लास्टिक अडकलं असेल. किल स्विचची, म्हणजे ओढताच इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी मनगटाला हवीच, अगदी धक्क्याजवळसुद्धा! परत आलास की इंजिन गोड्या पाण्याने आतूनही धू.